तात्या या वेळी खरंच थांबणार म्हणतायत

वळचणीचा_पाहुणा :

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकीच्या विभागात पडला असेल तर हलवा. विषय घरचा आहे पण असा एकेक माणूस बऱ्याच जणांच्या घरात किंवा भावकीत असणार म्हणून इथं लिहितो.

माझे मामा, त्यांना सगळं गाव तात्या म्हणतं, गेली २८ वर्षं ग्रामपंचायतीत आहेत. सलग सरपंच नाही, ते शक्यच नसतं, आरक्षणाची सोडत फिरत राहते. आधी मेंबर, मग उपसरपंच, मग एक टर्म सरपंच, मग पद महिलेसाठी निघालं तेव्हा मामी सरपंच आणि तात्या 'मार्गदर्शक' (समजून घ्या), त्यानंतरची टर्म सरपंच दुसऱ्या प्रवर्गाचे पण पॅनल तात्यांचंच, आणि आता परत थेट जनतेतून निवडून आलेले सरपंच. थोडक्यात खुर्चीवरची पाटी बदलत गेली पण कागद घेऊन माणसं आली ती तात्यांच्या ओट्यावरच.

पंधरा दिवसांपूर्वी त्यांनी मासिक सभेत सांगून टाकलं की मी राजीनामा देणार. टर्म संपायला दीड वर्ष बाकी आहे. आजारी नाहीत, अविश्वास ठराव नाही, पैशाची काही भानगड नाही. कारण विचारलं तर म्हणाले, "ग्रामसभेत एका पोरानं पाण्याचा हिशेब विचारला, मी तोंड उघडायच्या आत आपलीच चार माणसं त्याच्यावर ओरडली. मला ते बरं वाटलं. घरी आल्यावर विचार केला की बरं का वाटलं."

आता घरात दोन तट. मामेभाऊ म्हणतो सोडताय तर मला उभं करा. मामाचे जुने सोबती म्हणतात टर्म तरी पुरी करा, गाव वाऱ्यावर सोडू नका. मला स्वतःला वाटतं माणसानं हातपाय धड असताना थांबावं, पण मग रात्री वाटतं की आत्ता थांबणं म्हणजे पळणं तर नाही ना. तुमचं काय मत? अनुभव असेल तर जास्त बरं.

---

बिनमीटर :

हॅट्स ऑफ तात्यांना. असा विचार करणारी माणसं राहिली नाहीत आता.

---

तिरकी_टोपी :

माफ करा पण मी थांबणार म्हणणारे बहुतेक थांबत नाहीत, लोकांनी 'थांबू नका' म्हणावं म्हणून ते म्हणतात. शरद पवारांनी २ मे २०२३ ला अध्यक्षपद सोडतो म्हणून जाहीर केलं, सभागृहात रडारड, पायऱ्यांवर कार्यकर्ते ठाण मांडून, ५ मे ला निर्णय मागे. बाळासाहेबांनी १९९२ मध्ये सामनातून शेवटचा जय महाराष्ट्र केला, शिवसैनिक रस्त्यावर आले, तेही परत फिरले. तात्यांच्या ओट्यावर किती लोक येऊन बसलेत ते आधी सांगा, मग बोलू.

---

वळचणीचा_पाहुणा :

@तिरकी_टोपी, रोज वीस-पंचवीस तरी येतायत, खोटं कशाला सांगू. पण तात्या त्या वेळेला रानात निघून जातात.

---

कोपऱ्यातला :

पवारांचं उदाहरण इथं लागू होत नाही हो. त्या तीन दिवसांत पक्षात कोण कुठं उभा आहे ते सगळ्यांना दिसलं आणि दोनच महिन्यांत पक्ष फुटला. तो राजीनामा नाटक होता की चाचपणी की खरंच कंटाळा, हे बाहेरून कुणाला कळणार. गावच्या माणसाला तेवढं गणित करायची गरज नसते.

(व्यवस्थापकांनी हाणायच्या आत थांबतो.)

---

जुनं_दप्तर :

ग्रामसेवक म्हणून निवृत्त झालो, आता त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, असो. भावनेचं बाकीचे बोलतील, मी कागदाचं बोलतो.

सरपंचाचा राजीनामा जातो पंचायत समिती सभापतीच्या नावानं. उपसरपंच आणि मेंबर देतात सरपंचाच्या नावानं. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम २९ काढून वाचा. आणि दिला म्हणजे झालं असं नाही. तो पंचायतीच्या सभेपुढं ठेवला जातो, आणि सही माझी नाही किंवा दमदाटीनं घेतली असं राजीनामा देणाऱ्याला म्हणायचं असेल तर ७ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे वाद नेता येतो. त्यामुळे सकाळी राजीनामा आणि दुपारी फटाके, असं होत नाही.

हे ७ दिवस कशाला ठेवलेत ते नोकरीत कळलं. पॅनल निवडून आलं की उपसरपंचपदाची वाटणी ठरते, याला एक वर्ष, त्याला एक वर्ष, आणि विश्वास नसतो म्हणून सगळ्यांचे राजीनामे तारीख न टाकता आधीच लिहून पॅनलप्रमुखाच्या कपाटात. वेळ आली की तारीख टाकायची. मग ज्याचा राजीनामा तो बोंबलत यायचा की मी दिलाच नाही. असे कितीतरी कागद मी हातात धरलेत, शाई एक आणि तारखेची शाई दुसरी.

दुसरं असं की तात्या थेट निवडून आलेले आहेत. ही पद्धत २०१७ ला आली, २०२० ला काढली, २०२२ ला परत आणली. थेट सरपंच गेला तर मेंबरांना आपल्यातून दुसरा निवडता येत नाही, पोटनिवडणूक लागते, तोवर कारभार उपसरपंचाकडे. म्हणजे आत्ता सोडलं तर आचारसंहिता, मतदान, नवा माणूस, त्याला कळेपर्यंत टर्म संपली आणि परत निवडणूक. गावाला एका वर्षात दोन वेळा भांडायला लावायचं की नाही हा विचार करा. माझं मत विचाराल तर टर्म पुरी करावी आणि पुढचा फॉर्म भरू नये.

---

तिरकी_टोपी :

जुनं दप्तर यांच्याशी पहिल्यांदाच सहमत, तारीख टिपून ठेवा.

---

सांजवेळ :

माझे वडील एका सहकारी संस्थेत २२ वर्षं चेअरमन होते. नाव नको. सोडलं स्वतःहून, सन्मानानं, शाल श्रीफळ, भाषणं, फोटो. लोक विचारतात निर्णय कसा घेतला. निर्णय सोपा असतो हो. त्याच्यानंतरचा सोमवार अवघड असतो.

बाबा सकाळी साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून तयार आणि मग खुर्चीत बसून राहायचे. फोन दर दहा मिनिटांनी वाजायचा तो दिवसाला दोनदा वाजायला लागला, त्यातला एक बँकेचा मेसेज. आई म्हणायची की २२ वर्षं मी म्हणत होते जेवताना फोन बंद करा, आता तेच जेवताना फोन चालू आहे ना बघतात. लग्नपत्रिका यायच्या पण प्रेषकात, निमंत्रकात नाव नसायचं. हे हसण्यासारखं वाटेल पण त्यांना लागायचं. सहा महिन्यांनी त्यांनी संस्थेत जाऊन नव्या चेअरमनच्या समोरच्या खुर्चीत बसायला सुरुवात केली, सल्ला द्यायला. आणि तिथून खरी फजिती. नवा माणूस काही बोलू शकायचा नाही, शिपाई चहा आधी बाबांना द्यायचा. शेवटी एका संचालकानं मला फोन करून सांगितलं की ताई, साहेबांना घरी ठेवा. तो फोन मी बाबांना कधीच सांगितला नाही, काहीतरी कारण काढून त्यांना चार महिने माझ्याकडे घेऊन आले.

म्हणून सांगते, तात्यांना विचारा की सोडल्यावर सकाळी करणार काय. उत्तर 'शेती' असं आलं तर परत विचारा.

---

बिनमीटर :

सांजवेळ, वाचून गलबललं. आमच्याकडे आजोबांचं अगदी असंच.

---

माळरान :

मोठी उदाहरणं देतो, म्हणजे तुलना करता येईल.

पाटोद्याचे भास्करराव पेरे पाटील सगळ्यांना माहीत आहेत, करभरणा वेळेत केला की दळण मोफत, गरम पाणी, ते गाव. २०२१ च्या निवडणुकीत ते स्वतः उभे राहिले नाहीत, मुलगी उभी होती आणि ती पडली. त्या दिवशी सोशल मीडियावर लोक गावाला कृतघ्न म्हणून शिव्या देत होते. मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही नाही. गावानं पेरे पाटलांना नाकारलं नव्हतं, ते उभेच नव्हते. ज्या माणसानं लोकांना हिशेब मागायला शिकवलं त्या लोकांनी आडनाव बघून मत दिलं नाही, यात वाईट काय झालं?

त्याच निवडणुकीत हिवरे बाजारला उलटं. तिथं साधारण तीस वर्षं बिनविरोध चालायचं, २०२१ ला विरोधी पॅनल उभं राहिलं, मतदान झालं आणि पोपटराव पवारांच्या पॅनलनं सातही जागा घेतल्या. १९८९ पासून ते काम करतायत, आदल्याच वर्षी पद्मश्री जाहीर झालेली. ते थांबले नाहीत आणि लोकांनी थांबवलंही नाही. मला यात विरोधात उभ्या राहिलेल्यांचं जास्त कौतुक वाटतं. हरणार माहीत असून फॉर्म भरला.

आणि सांगोला. गणपतराव देशमुख, १९६२ ला पहिल्यांदा आमदार, ११ वेळा निवडून आले, मधे १९७२ आणि १९९५ ला पडले तरी परत आले. २०१९ ला वय झालं म्हणून थांबले. नातू उभा राहिला, ७६८ मतांनी पडला. मग २०२४ ला दुसऱ्या नातवानं जागा परत आणली. म्हणजे बघा, घरातल्या माणसाला गादी आपोआप मिळत नाही, मिळाली तरी मधे पाच वर्षं घासावं लागतं. मामेभावाला हे वाचून दाखवा.

---

वळचणीचा_पाहुणा :

मामेभावाला दाखवलं. तो म्हणाला नातू शेवटी आलाच ना निवडून. काय बोलणार.

---

थंड_देशातली :

आमच्या इकडची एक आजी आठवली. टोरोंटोला लागून मिसिसागा म्हणून शहर आहे, तिथं हेझल मॅकॅलियन या बाई १९७८ ते २०१४ महापौर होत्या. ३६ वर्षं, बारा टर्म. थांबल्या तेव्हा वय ९३. जाताना त्यांनी बॉनी क्रॉम्बी यांना उघड पाठिंबा दिला आणि त्या निवडूनही आल्या. कुणी म्हणेल ९३ व्या वर्षापर्यंत चिकटून राहणं म्हणजे काय थांबणं झालं, पण आपल्या डोळ्यांसमोर दुसऱ्या कुणाचं नाव घेऊन बाजूला होणं हे साठीत पण जमत नाही लोकांना.

---

कोपऱ्यातला :

मला एक कळत नाही. सहकारी बँकेच्या संचालकाला कायद्यानं मुदत आहे, २०२० च्या दुरुस्तीनंतर सलग ८ वर्षं, २०२५ मध्ये ती १० केली. आमच्याकडच्या बँकांतली जुनी मंडळी त्यामुळे बाहेर पडली, किंवा मुलाला बसवून बाहेर पडली. मग सरपंच, नगरसेवक, आमदार यांना का नाही? तात्यांसारख्यांना मनाशी झगडावं लागतं कारण नियम नाही. नियम असता तर २८ वर्षांचा प्रश्नच आला नसता.

---

जुनं_दप्तर :

@कोपऱ्यातला, सरपंचाला फिरतं आरक्षण हीच मुदत आहे. पण धाग्यातच बघा त्याचं काय झालं, पद फिरलं आणि माणूस तिथंच.

---

चांदणवेल :

सगळं वाचलं. चाळीस प्रतिसादांत एकानंही विचारलं नाही म्हणून मी विचारते. मामी ५ वर्षं सरपंच होत्या ना? मूळ लेखात त्यांच्या वाट्याला कंसातले दोन शब्द आलेत, 'समजून घ्या'. काय समजून घ्यायचं? त्यांनी पद सोडलं तेव्हा धागा निघाला होता का? त्यांचं मत काय आहे आत्ता?

---

तिरकी_टोपी :

चाळीस नाही, पंधरा पण नाहीत.

---

चांदणवेल :

मोजत बसा.

---

वळचणीचा_पाहुणा :

चांदणवेल, खरं सांगू का, वाचून कानशिलं गरम झाली. मी मामीला विचारलंच नव्हतं. काल रात्री फोन केला, मामाला द्या न म्हणता तिच्याशीच बोलायचंय म्हटल्यावर ती आधी घाबरली, कुणाला काय झालं म्हणून.

मग बोलली. जमेल तसं लिहितो. म्हणाली, "मला उभं करताना कुणी विचारलं नाही, फॉर्मवर सही कर म्हणाले, केली. पहिलं वर्ष नुसत्या सह्या. मग एकदा टँकरच्या बिलावर सही करताना मी विचारलं की चार खेपा लिहिल्यात, आपल्या दारातून तर तीनच गेल्या. ग्रामसेवक तुझ्या मामाकडे बघायला लागला. तुझा मामा माझ्याकडे. त्यानंतर मी वाचल्याशिवाय सही केली नाही. टर्म संपली तेव्हा सोडत निघाली, पद दुसरीकडे गेलं, मी दुसऱ्या दिवशी कपाटाची किल्ली दिली आणि घरी आले. सत्कार बित्कार काही नाही. मला वाटतं तसंच जायचं असतं. तुझ्या मामाला सभेत सांगायची काय गरज होती, अर्ज लिहायचा आणि द्यायचा."

मी विचारलं तुला वाईट वाटलं का तेव्हा. म्हणाली, "वाईट नाही, पण बचत गटाच्या बायका दोन वर्षं मला सरपंच म्हणत होत्या, ते बरं वाटायचं." मग थोडी हसली आणि म्हणाली की तुझा मामा म्हणतो तेच झालं, बरं का वाटायचं.

---

सांजवेळ :

बाई मोठी आहे तुमची मामी.

---

माळरान :

टँकरची खेप मोजणारा सरपंच मला एक तरी दाखवा म्हणत होतो इतकी वर्षं. सापडली.

---

जुनं_दप्तर :

विषय निघालाच आहे तर एक कामाचं. सोडायच्या आधी तात्यांनी तीन गोष्टी कराव्यात असं मी सांगेन. प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेच्या ठरावांची वही, सह्यांसकट पूर्ण आहे का बघावं, मागाहून ठराव घुसवले जातात. डिजिटल सहीचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायची ती पेनड्राइव्हसारखी किल्ली, कुणाकडे आहे ते बघावं. वित्त आयोगाचं पेमेंट सरपंच आणि सचिव दोघांच्या डिजिटल सहीनं होतं, आणि बऱ्याच गावांत सरपंचाचा डोंगल आणि त्याचा पासवर्ड दोन्ही ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये असतो. सरपंचाला माहीतच नसतं त्याच्या नावानं काय गेलं. आणि तिसरं, जे पंचायतीच्या दप्तरातल्या नमुना १ ते ३३ मध्ये कुठंच लिहिलेलं नसतं ते. पाइपलाइन कुठून गेलीय, कुणाच्या बांधावरून वाट देण्याचं तोंडी ठरलंय, स्मशानाच्या जागेचा वाद कशानं मिटला. ते सगळं एकाच डोक्यात असतं. तो माणूस गेला किंवा रुसला की गाव आंधळं.

---

वळचणीचा_पाहुणा :

अपडेट देतो, बरेच दिवस झाले.

राजीनामा दिला नाही. जुनं दप्तर यांचा पोटनिवडणुकीचा मुद्दा मी तात्यांना सांगितला, त्यांना तो आधीच माहीत होता पण "तू कुणाकडून ऐकलंस" असं विचारलं म्हणजे विचारात होता. आता ठरलं असं की टर्म पुरी करायची, पुढचा फॉर्म नाही, घरातला पण कुणी नाही. मामेभाऊ आठ दिवस जेवणाच्या पंगतीला बसला नाही. तो कदाचित समोरच्या पॅनलकडून उभा राहील अशी कुजबूज आहे, राहिला तर राहू दे म्हणाले. आता मासिक सभेत तात्या शेवटी बोलतात, आधी त्या हिशेब विचारणाऱ्या पोराला बोलायला लावतात. पोरगा आता प्रश्न विचारायला घाबरतो म्हणे, कारण उत्तर शोधायचं काम पण त्यालाच देतात.

डोंगल ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्येच होता.

---

तिरकी_टोपी :

दीड वर्षानं बघू. पण फॉर्म नाही भरला तर मी इथं येऊन जाहीर माफी मागेन.

---

वळचणीचा_पाहुणा :

परवा एक गंमत झाली, ती सांगून थांबतो. वरच्या आळीला पाणी बंद झालं. जुना व्हॉल्व्ह रस्त्याच्या डांबराखाली गाडला गेलाय आणि पाणीपुरवठ्याचा माणूस नवा. सगळे तात्यांच्या ओट्यावर. तात्यांनी डोकं खाजवलं, दोन ठिकाणी खणायला लावलं, दोन्हीकडे काही नाही. २८ वर्षांचा माणूस, व्हॉल्व्ह आठवेना. मग मामी आतून एक वही घेऊन आली. तिच्या टर्ममध्ये ती लाइन टाकली होती तेव्हाची. हातानं काढलेला नकाशा, देवळाच्या पायरीपासून अकरा पावलं, मग विजेच्या खांबाकडे चार. पावलं मामीची, त्यामुळे तिलाच चालायला लावलं. सापडला.

वहीचे फोटो काढून ग्रामपंचायतीच्या ग्रुपवर टाकलेत. अर्धी पानं बचत गटाच्या हप्त्यांची आहेत, ती पण गेली चुकून, त्यावरून आता दोन बायकांचं वाजलंय की तिचा हप्ता थकलेला सगळ्यांना कसा दिसला.